शक्तिमानच्या पंपातून डिझेल गळतंय आणि इंजिन ऑइलही वाढतंय

देवासनाका_ट्रक:
नमस्कार मंडळी. आर्मी डिस्पोजलमधला शक्तिमान ट्रक आहे, शेतावर पाण्याच्या टाकीसाठी वापरात आहे. पंप मूळचा नाही, आधीच्या मालकाने बदललेला. मायको कंपनीचा इनलाइन डिझेल पंप, पाटीवर 'पीईएस ६ए८०' एवढं वाचता येतं, पुढचं घासलं गेलंय. पंपाला इंजिनकडून ऑइलची बारीक नळी येते.

तक्रारी अशा: पंपाच्या माथ्यावर नळ्यांच्या बुडाशी कायम ओल. बाजूच्या झाकणाखालून काळं पातळ थेंब-थेंब गळतं. सकाळी प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारल्याशिवाय गाडी उठत नाही. आणि ऑइल टाकलेलं नसताना डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर एक बोट चढलंय.

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात सरळ 'पंप उतरवा, सगळे एलिमेंट (डिझेलला दाब देणाऱ्या प्लंजर-बॅरलच्या जोड्या) नवे टाका' म्हणतायत. जागेवर काय होऊ शकतं आणि कशासाठी पंप उतरवावाच लागेल?

सियागंजकर:
सगळ्यात आधी गाडी चालवणं बंद करा. बाहेर गळणाऱ्या डिझेलने पैसे जातात, आत गळणाऱ्याने क्रँकचे बेअरिंग जातात. ऑइल पातळ झालं की गरम इंजिनावर आयडलला प्रेशर पडतं, आणि पातळी फार चढली तर ते ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) इनटेकमध्ये ओढलं जाऊन इंजिन आपोआप रेस पकडू शकतं. मग स्टॉप लिव्हर ओढून काही होत नाही, कारण इंजिन पंपाच्या डिझेलवर चालतच नसतं.

खात्री करायची असेल तर डिपस्टिकचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या काठावर टाका. डिझेल मिसळलं असेल तर काळ्या ठिपक्याभोवती तेलकट, फिकट कडं भराभर पसरतं. वास तर येतोच.

पंपनोझल_महू:
पाटीवरचं उपयोगाचं आहे. सहा म्हणजे सहा एलिमेंट, ए म्हणजे पंपाची साइज, ८० म्हणजे प्लंजर ८ मिलिमीटर. पुढे कुठे आर किंवा एल दिसतंय का बघा, ती फिरण्याची दिशा, ड्राइव्हकडून पाहिलेली. किट मागताना हे सगळं लागतं. नुसतं 'शक्तिमानचं किट द्या' म्हटलं तर तुमच्या बदललेल्या पंपाला ते बसेलच असं नाही.

तुमच्याकडे गळती एक नाही, तीन वेगळ्या दिसतायत. माथ्यावरची ओल, ऑइलमध्ये उतरणारं डिझेल आणि सकाळची हवा. झाकणाखालून गळणारं काळं पातळ ही चौथी तक्रार नाही, ते दुसऱ्याचंच लक्षण आहे: पंपाच्या आत ऑइलमध्ये डिझेल साठलं, पातळी वाढली, पातळ झालं, आणि वर्षानुवर्षं निमूट बसलेली गॅस्केट झिरपायला लागली. ती गॅस्केट बदलून उपयोग नाही, पुन्हा झिरपेल.

आधी जागा शोधा, पाना नंतर. पद्धत:

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम पंपावर, त्यातून चालू इंजिनात, गार पाणी मारू नका. प्लंजर आणि बॅरलमध्ये फट दोन-तीन मायक्रॉनची असते. बॅरल आकसलं की प्लंजर तिथेच धरतो. डिझेल आणि ब्रशने धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवा, मग पूर्ण पंपावर खडूची बारीक पूड कोरडी भुरभुरवा. आता इंजिन बंदच ठेवून प्रायमर मारा, हाताला जड लागेपर्यंत, आणि थांबा. पांढऱ्यावर गडद ठिपका जिथे पहिला उमटेल ती जागा. खाली ओघळून आलेल्या ओलीकडे बघू नका, डिझेल बोल्टाच्या खाचेतून वीतभर लांब जाऊन टपकतं.

या पायरीत जे दिसेल ते कमी दाबाच्या बाजूचं: बंजो बोल्ट (नळीचं गोल तोंड धरणारा पोकळ बोल्ट), एअर काढायचे स्क्रू, प्रायमर, आणि डिलिव्हरी होल्डरची (पंपाच्या माथ्यावरचा तुकडा, ज्यावर नळी बसते) ओ-रिंग. इथे काहीच दिसलं नाही आणि इंजिन चालू केल्यावर ठिपके आले तर नळीचा नट नाहीतर नळीचा शेंडा.

चालू इंजिनात बोट लावून बघायचं नाही. नोझल दर चौरस सेंटीमीटरला दीड-दोनशे किलोच्या दाबाला उघडतं, तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून सुईएवढी खूण दिसते, दुखतही नाही पटकन, आणि आत बोट सडतं. पुठ्ठा धरा. आणि कधी लागलंच तर ड्रेसिंगवर न थांबता थेट सर्जन.

लोहामंडी_जुना:
बंजोचे तांब्याचे वायसर बदला, अर्धी तक्रार तिथेच संपते. २० रुपयांचं काम.

पंपनोझल_महू:
बंजोपुरतं बरोबर. पण सियागंज बाजारात वायसर घेताना जाडी बघून घ्या. पातळ पत्र्यातून कापलेले मिळतात, ते एकदा दाबले की कडक होतात. जुनेच वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतात. मग वरची काळी पापडी बारीक पेपरने काचेवर घासून काढा. ज्याच्यावर कडेचा खोल चर उमटलाय तो मात्र फेका. बसण्याची जागाही बघा. बंजोच्या तोंडावर आडवी रेघ असेल तर कितीही नवा वायसर टाका, तिथून झिरपणारच.

राजवाडा_डिझेल:
टेफलॉन टेप लावून बघा बंजोला, लगेच थांबतं.

सियागंजकर:
नाही हो! इंधनाच्या कुठल्याही आट्यावर टेप नको. बंजोत सील आट्यांवर नसतंच, ते वायसरच्या तोंडावर असतं. टेपचे धागे तुटून फिल्टरच्या पुढे गेले की डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीटमध्ये नाहीतर नोझलमध्ये जाऊन बसतात. तीच गोष्ट शेलॅक आणि सिलिकॉनची. सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सोलून निघतं.

देवासनाका_ट्रक:
खडूची पूड केली. ठिपके दोन ठिकाणी: तिसऱ्या आणि चौथ्या होल्डरच्या बुडाशी, जिथे होल्डर पंपाच्या बॉडीत शिरतो. आणि प्रायमरच्या दांड्याशी. बंजो कोरडे.

पंपनोझल_महू:
म्हणजे होल्डरच्या ओ-रिंग. तीन आणि चारच का, तर बहुधा त्या दोन नळ्यांची क्लॅम्प गायब असेल. बघा. क्लॅम्प नसली की नळी थरथरते, आणि कोणीतरी नळीचा नट आवळताना होल्डरला दुसरा पाना लावत नाही, त्यामुळे होल्डर आत किंचित फिरतो आणि ओ-रिंग चिरते. नट सोडताना-आवळताना दोन पाने, एक होल्डरवर, एक नटावर. हा नियम या पंपावर कायमचा.

प्रायमर: गोंडा खाली दाबून, फिरवून बंद केलेला असतो का? तो सैल राहिला तर आतला पिस्टन चालू इंजिनात नाचतो आणि सील खातो. प्रायमर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण नवा मिळतो.

होल्डरची ओ-रिंग गाडीवर बदलता येते, पण घाई नको. क्रम असा.

बॅटरीची केबल काढा. पंपाच्या आजूबाजूचा चिखल निघाल्याशिवाय एकही नट सोडू नका. सहाही नळ्यांवर पेंटने आकडे टाका, एकदम सगळ्या काढा, दोन्ही तोंडांना स्वच्छ टोप्या. दोन होल्डरना मिळून एक लॉकपट्टी असते, ती काढा. मग एका वेळी एकच होल्डर. तीनचा पूर्ण बसवल्याशिवाय चारला हात लावायचा नाही.

होल्डर वर आला की त्याच्या आत स्प्रिंग, काही पंपांत स्प्रिंगच्या पोटात एक छोटा भराव तुकडा, खाली डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची सीट. व्हॉल्व्ह आणि सीट ही जोडी जुळवून घासलेली असते, एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या सीटमध्ये गेला की त्या सिलिंडरचं डिझेल बिघडलं. होल्डर सुटला म्हणजे सीटखालच्या गॅस्केटवरचा दाबही सुटला, म्हणून ती पण नवी टाकायची. सीट काढायला आट्यांचा छोटा पुलर लागतो. पक्कडने ओढू नका, कडेला चरा गेला की ती जोडी संपली.

सगळं स्वच्छ डिझेलच्या ताटात धुवा. चिंधी, कापूस, बनियनचा तुकडा काहीही नको, तंतू राहतात. नवी ओ-रिंग डिझेलने ओली करून चढवा, होल्डरच्या आट्यावरून सरकवताना आट्याला पातळ प्लास्टिकची नळी गुंडाळा, नाहीतर चढवतानाच कापली जाईल.

आवळणं हाच नाजूक भाग. टॉर्क तुमच्या पंपाच्या चार्टातलाच घ्या, ए साइजला साधारण ४ ते साडेचार किलोग्रॅम-मीटरच्या आसपास असतो. ३ पर्यंत आवळा, सोडा, पुन्हा आवळा, सोडा, आणि शेवटी एकाच ओढीत पूर्ण टॉर्क. असं केल्याने गॅस्केट सपाट बसते. गळतंय म्हणून पान्याला पाइप लावून आवळलात तर बॅरल दबतं, प्लंजर अडकतो आणि रॅक (प्लंजर फिरवून डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) जड होतो. रॅक अडकणं म्हणजे इंजिन बेलगाम सुटणं. म्हणून प्रत्येक होल्डरनंतर रॅक हाताने दोन्हीकडे सरकवून बघा. मऊ सरकायला हवा आणि सोडला की परत यायला हवा. एका होल्डरनंतर जड झाला तर दोष तिथेच, तो सोडून पुन्हा.

भंवरकुआं_गॅरेज:
मला हे पटत नाही. होल्डर रस्त्याकडेला उघडू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते ती बघता पंप टेस्ट बेंचवर नेलेला बरा. उघडलाच आहे तर सहाही सिलिंडरचं डिझेल मोजून घ्यावं.

पंपनोझल_महू:
बेंच असेल तर उत्तमच. पण पंप उतरवला की टायमिंगचं (इंजेक्शनची वेळ इंजिनाशी जुळवायचं) काम आलं, आणि नुसत्या दोन ओ-रिंगसाठी ते ओढवून घ्यायचं का हा प्रश्न आहे. बंद शेडमध्ये, पंखा बंद करून, पाणी शिंपडून केलं तर होतं. उघड्या अंगणात करू नका, एवढं तुमचं मान्य.

सियागंजकर:
ओ-रिंग कुठली टाकायची हे कोणी बोललं नाही. जुन्या काळ्या नायट्राइलच्या रिंगा सल्फर जास्त असलेल्या डिझेलमध्ये फुगून बसलेल्या होत्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ आलं, सल्फर १० पीपीएमवर, त्याआधीच्या बीएस ४ मध्ये ५० होतं. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत अॅरोमॅटिक्सही कमी होतात, आणि रबराला फुगवणारे तेच. जुनी रिंग आकसते, कडक झालेली असते, आणि इतकी वर्षं न गळलेला पंप एकदम चारी बाजूंनी पाझरायला लागतो. लोक म्हणतात डिझेलमध्ये भेसळ आहे. भेसळही असू शकते, पण आधी रबराचं वय बघा.

म्हणून व्हिटॉनच्या (एफकेएम रबराच्या) रिंगा घ्या. तपकिरी किंवा हिरव्या असतात असं सांगून काहीही खपवतात, काळ्याही मिळतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, पाकिटावर एफकेएम लिहिलंय का ते बघा. जुनी रिंग मोजून नवी घेऊ नका, ती चपटी झालेली असते. होल्डरचा खाचा मोजा.

लोहामंडी_जुना:
मग सहाही बदला ना, तीन-चारच कशाला. बाकीच्या चारही त्याच वयाच्या.

पंपनोझल_महू:
बदला. फक्त एका वेळी एकच.

देवासनाका_ट्रक:
क्लॅम्प खरंच नाहीत, तीन आणि चारची जोडी उघडी आहे. आता ऑइलमध्ये डिझेल कुठून जातंय ते कसं ओळखायचं? एलिमेंट म्हणतायत ते बरोबर का?

पंपनोझल_महू:
एलिमेंट शेवटी. पंपात इंजिनाचंच ऑइल फिरतं, म्हणून पंपात उतरलेलं डिझेल डिपस्टिकवर दिसतं. वाटा तीन.

पहिली, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा, मोठ्या पंपाला लागलेला छोटा पंप) पुशरॉड. पंपाच्या कॅमवर रोलर, त्याच्या मागे बारीक दांडा, तो फीड पंपाच्या बॉडीत घासून चालतो. या दांड्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला कॅमचं ऑइल. दांडा झिजला की प्रत्येक फेऱ्याला थोडं डिझेल आत. ऑइल वाढण्याच्या तक्रारीत पहिला संशय याच्यावर घ्यावा. दुसरी, बॅरल जिथे बॉडीत टेकतं ती सीट किंवा झिजलेला एलिमेंट. तिसरी पंपाची नाहीच: नोझल मूततंय, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली. तसं असेल तर एका सिलिंडरचा ठोका आणि पांढरा धूर असतो.

फीड पंप तीन नटांवर असतो, काढायला सोपा. कॅम वर आलेला असेल तर स्प्रिंगच्या दाबाने बाहेर ढकलला जातो, तिन्ही नट थोडे-थोडे सोडा. बाहेर काढल्यावर बाहेर जाणाऱ्या तोंडाला बूच, आत येणाऱ्या तोंडाला दोन किलोची हवा, आणि पूर्ण पंप डिझेलच्या बादलीत बुडवा. रोलरच्या बाजूने अधूनमधून एखादा बुडबुडा चालतो. सरळ माळ लागली तर दांडा गेला. दांडा आणि बॉडी जुळवलेली असते, नुसता दांडा घालून फार दिवस टिकत नाही. फीड पंप पूर्ण बदला.

नवा-जुना कुठलाही बसवण्याआधी ओढ तपासा: एक मीटर खालच्या डब्यातून कोरडी नळी लावून प्रायमर मारा, साधारण पंचवीस दाबांच्या आत डिझेल यायला हवं. नाही आलं तर आतले दोन छोटे व्हॉल्व्ह बसत नाहीयत. तुमची सकाळची तक्रार यातूनही असू शकते. टाकी पंपापेक्षा खाली असली की व्हॉल्व्हमधून रात्रभर डिझेल परत उतरतं.

दुसऱ्या वाटेची परीक्षा डोळ्यांनी करता येते. बाजूचं झाकण काढा, आतलं ऑइल सक्शनने काढून टॅपेटचा (कॅमवरून प्लंजर उचलणारा) भाग हवेने अगदी कोरडा करा. टॉर्च धरा आणि चांगला असलेला फीड पंप बसवून प्रायमर मारत रहा. टॅपेटच्या वर, प्लंजरच्या स्प्रिंगमधून स्वच्छ डिझेलची रेघ उतरताना दिसेल. एका एलिमेंटला एकटीच दिसली तर त्याची बॅरल-सीट, सगळ्यांना थोडी-थोडी दिसली तर झीज. सगळ्यांची झीज असेल तर मात्र ट्रान्सपोर्ट नगरवाले बरोबर, पंप उतरवून बेंचवर.

भंवरकुआं_गॅरेज:
रिटर्न लाइन बघितली का कोणी? पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परत टाकीत जाणारी. ती चेमटली किंवा व्हॉल्व्ह जाम झाला की गॅलरीतला (पंपाच्या आतल्या डिझेलच्या पोकळीतला) दाब एक-दीड किलोच्या जागी फीड पंप देईल तेवढा चढतो, आणि मग सगळी सीलं एकदम घाम फोडतात. रिटर्नची नळी काढून बाटलीत सोडा, इंजिन आयडलला ठेवा. अखंड धार हवी. चढ-उताराच्या गाड्यांत, भेरूघाटाच्या रस्त्यावर चालणाऱ्या, चॅसिसला घासून ही नळी हमखास दबलेली सापडते.

सियागंजकर:
हे चांगलं आठवण करून दिलंत. आणि बाटलीत बुडबुडे दिसले तर ओढीच्या बाजूने हवा येतेय. गळती बाहेर दिसत नाही म्हणून ती बाजू ठीक असं समजू नका, चालू इंजिनात तिथे ओढ असते, डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत जाते. फिल्टरआधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडून बघा.

देवासनाका_ट्रक:
फीड पंप बादलीत बुडवला, रोलरच्या बाजूने माळच लागली. रिटर्नची धार ठीक. झाकण उघडून, दुसरा फीड पंप लावून पाहिलं: एलिमेंट कोरडे, पाचव्याला नुसती ओल.

पंपनोझल_महू:
मग पंप उतरवायची गरज नाही. पाचव्यावर सध्या लक्ष ठेवा. नवा फीड पंप, सहा व्हिटॉन रिंगा, सीटच्या सहा गॅस्केट, दोन क्लॅम्प, प्रायमर, झाकणाची गॅस्केट, आणि इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर. ऑइल बदलल्याशिवाय चालू करायचं नाही.

एअर काढताना क्रम: फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा स्क्रू, फेस जाऊन काचेसारखी धार येईपर्यंत. मग नोझलकडचे नट एक आटा सैल ठेवून स्टार्टर, डिझेल उसळलं की आवळा.

राजवाडा_डिझेल:
आणि पंप उतरवावा लागला असता तर टायमिंग कसं बांधतात?

पंपनोझल_महू:
थोडक्यात सांगतो. उतरवण्याआधी एक नंबर कॉम्प्रेशनवर, फ्लायव्हीलची खूण जुळवून. कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर, ते सहा नंबरचे दोन्ही रॉकर एकदम हलताना दिसले की कळतं. कपलिंगवर आणि बॉडी-फ्लँजवर छिन्नीची रेघ. परत बसवल्यावर रेघेवर विसंबू नका. एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून वाकडी नळी लावा, प्रायमरने डिझेल देत इंजिन हाताने पुढे फिरवा, धार तुटून थेंबांवर आली ती इंजेक्शनची सुरुवात. त्या क्षणी फ्लायव्हीलवर तुमच्या इंजिनाच्या पाटीवरचे अंश दिसायला हवेत. खूण ओलांडून गेलात तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, उलट फिरवून जुळवू नका, गिअरची ढिलाई मोजमापात येते.

लोहामंडी_जुना:
पहिल्यांदा चालू करताना इनटेकच्या तोंडाशी एक माणूस फळी घेऊन उभा ठेवा. होल्डर उघडलेला पंप आहे, रॅक अडकला तर फळी घट्ट लावायची. हात किंवा कापड नाही, आत ओढलं जातं. आणि सुरू करण्याआधी स्टॉप लिव्हर पूर्ण येतोय ना ते बघा, भिया.

देवासनाका_ट्रक:
सगळं बसवलं. रॅक मऊ, स्टॉप लिव्हर पूर्ण येतो. आयडलला वीस मिनिटं चालवलं, खडू कोरडा, फक्त दोन नंबरच्या नळीच्या नटाशी ओल आहे. आवळून जात नाही.

सियागंजकर:
आता आणखी आवळू नका. नट काढून नळीचा शेंडा बघा. गोल कडं एकसारखं चमकायला हवं. एका बाजूला जास्त घासलेलं असेल तर नळी वाकडी बसतेय, म्हणजे नट आवळून नळी जागेवर ओढली जातेय. दोन्ही टोकं सैल सोडून, नळी हाताने दोन्ही ठिकाणी सरळ टेकेल असं बघा, आणि मग नट लावा. शेंड्याला आडवी चीर असेल तर नळीच नवी, वेल्डिंग करून घेऊ नका.

देवासनाका_ट्रक:
चीर आहे, नखाला लागते. नळी सांगितलीय, त्याच लांबीची.

पंपनोझल_महू:
लांबी बरोबर, आतला व्यासही तोच घ्या. आणि क्लॅम्प रबरासकट.